ऊसतोड, वीटभट्टी, परराज्यातले कामगार: सोलापुरात आलेल्या माणसाचे हक्क कोण पाहणार?

भीमाकाठची
मी मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरायला लागतात. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची कुटुंबं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या आणि सगळ्यात वर बसलेली पोरं. गावाबाहेरच्या पडीक रानात बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, तिथेच संसार. पाणी कुठून आणायचं, बायकांनी आडोशाला कुठे जायचं, रात्री विंचू-साप निघाला तर कुणाला हाक मारायची, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

गेल्या हंगामात तिसरीतली एक मुलगी माझ्या वर्गात यायला लागली. कडेवर दहा-अकरा महिन्यांचा भाऊ. आई-बाप पहाटे चारलाच ऊसतोडीच्या फडात गेलेले, बाळाला सांभाळायला दुसरं कोण? मी तिला मागच्या भिंतीशी बसू दिलं. बाळ झोपलं की ती पाढे म्हणायची, जागं झालं की बाहेर जायची. तिच्या गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, ते आईनं आधार कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोपीच्या तट्ट्याला अडकवलेलं. सगळं बरोबर चाललं होतं. मग आमच्या शिवारातला ऊस संपला, टोळी दुसऱ्या फडावर गेली आणि मुलगी गेली. कुठल्या गावाला, ते कारखान्याच्या स्लिपा देणाऱ्या स्लिपबॉयलाही नीट सांगता येईना.

आपल्या जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाहीत, याचा आपल्याला अभिमान आहे. पण तो ऊस ज्यांच्या हातांनी तुटतो, त्यांचं रेशन गावाकडे, अंगणवाडी गावाकडे, दवाखान्याची नोंद गावाकडे, मतसुद्धा गावाकडे. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे नेमकं टोळ्या निघायच्या दिवसांत. अंगमेहनत तेवढी इकडे येते, हक्क मागे राहतात. वीटभट्टीवरचे, हॉटेलातले, बांधकामावरचे परराज्यातले कामगार यांचंही तेच. माझं म्हणणं एवढंच की माणूस ज्या गावात राबतो त्या गावानं त्याचे हक्क बघायला हवेत. इथे वकील, आरोग्य खात्यातले, कारखान्याशी संबंध असलेले लोक आहेत. प्रत्यक्षात काय करता येतं ते लिहा.

ट्रॅक्टरवाला_करमाळा
ताई, तुम्ही लिहिलेलं खरं आहे. पण आमचीही बाजू ऐका. मी वाहतूकदार आहे. कर्ज काढून मुकादमाला, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याला, उचल (आगाऊ रक्कम) दिली. दहा कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या दहा जोड्यांची, टोळी ठरली होती. हंगाम सुरू झाला तर मुकादमाचा फोन बंद. तीच टोळी त्यानं दुसऱ्या कारखान्याला लावली, आमच्याआधी तिकडूनही पैसे उचलले होते. बँकेचा हप्ता मला चुकत नाही, घरच्या बाईचे दागिने मोडले. आमच्या भागात असे कित्येक वाहतूकदार आहेत. म्हणून आता टोळी आली की आम्ही माणसं लावून लक्ष ठेवतो. सणाला गावी जातो म्हणाले की एक जण मागे ठेवून घेतो. त्याला लोक डांबणं म्हणतात. मग आमच्या पैशाची हमी कोण देणार?

रेल्वेलाइन्सचा_वकील
दादा, तुमचं नुकसान झालं हे नाकारत नाही आणि तो छोटा विषयही नाही. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुकादमानं पैसे घेऊन टोळी दुसरीकडे लावली, ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. गुन्हा मुकादमावर दाखल करा, दिवाणी दावा त्याच्यावर लावा. पोलीस टाळाटाळ करतात हे मला माहीत आहे, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

टोळीतल्या माणसाला मागे ठेवून घेणं हा मात्र तुमचा गुन्हा ठरतो. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाला काम सोडून जाता येत नसेल, हिंडण्या-फिरण्यावर बंधन असेल, तर ती वेठबिगारी. कर्जाचा कागद असो वा नसो. आणि तसं ठरलं की त्या कायद्यानं ते कर्जच संपतं, वसूल करता येत नाही. म्हणजे पाळत ठेवून तुम्ही पैसे वाचवत नाही, उलट पैशावरचा हक्कही घालवून बसता.

सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, आणखी एक गोष्ट सांगितली. पोटाच्या अडचणीमुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबायला तयार झाला, तरी ती सक्तीचीच मजुरी. राज्यघटनेचं कलम २३ त्याच्या बाजूनं उभं राहतं. आपल्याकडे "त्यानं स्वखुशीनं उचल घेतली" असं सर्रास म्हटलं जातं, त्याला हे उत्तर आहे.

पाटोद्याचा
मी ऊसतोड कामगाराचा मुलगा. आता पुण्यात नोकरी करतो. स्वखुशीचं सांगतो.

पावसाळा कोरडा गेला, दुकानदाराची उधारी थकली, बहिणीचं लग्न ठरलं की वडील मुकादमाकडे जायचे. रक्कम हातात येण्याआधीच संपलेली असायची. हंगामभर हातात येतात ते आठवड्याच्या बाजाराचे पैसे आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून सुटलेले चार पैसे. पट्टा पडला की हिशेब. किती टन झाले ते स्लिपांवर, स्लिपा मुकादमाकडे, मांडणी त्याची. दर वर्षी "एवढी फिरली" असं निघायचंच, म्हणजे उचल फिटली नाही, पुढच्या साली यायचंच. आजारी पडून कामावर गेला नाही तर खाडा. एकानं खाडा केला तरी अख्ख्या कोयत्याचा दंड. माझी आई अंगात ताप असताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेली मी पाहिलेली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या रेट्यानं तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. चांगली गोष्ट आहे. पण दर वाढला तरी हिशेबाची वही ज्याच्या हातात, त्याच्याच हातात राहिली. वाहतूकदार दादांनाही मी दोष देत नाही. कारखाना, वाहतूकदार, मुकादम, मजूर अशा साखळीत सगळ्यात वरचा म्हणतो, हे माझे कामगारच नाहीत. तिथून सगळं सुरू होतं.

बार्शीकर
एक जुनी गोष्ट इथे लिहावीशी वाटते. आज ज्या धाराशिव-बीडकडून टोळ्या येतात, तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या जुलमाच्या काळात तिकडची कुटुंबं बार्शी आणि सोलापूरकडे आसऱ्याला आली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या छावण्या सरहद्दीवर होत्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गच्या दिशेनं आत गेल्या. आमच्या आजीच्या माहेरच्या वाड्यात तेव्हा पलीकडची तीन बिऱ्हाडं राहायला होती, असं ती सांगायची. त्यांच्याकडे कुणी कागद मागितला नाही. सरहद्द ओलांडून आलेल्याला आपल्या जिल्ह्यानं जागा दिली, हा आपला इतिहास आहे, आणि त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज कोपीत राहतात.

एएनएम_दक्षिण_सोलापूर
भीमाकाठची ताई, आरोग्याचं लिहिते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडमध्ये ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. लोक "बीडचा प्रश्न" म्हणून वाचतात. अहो, त्या बायका वर्षातले पाच-सहा महिने आपल्या शिवारात असतात! पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जावं तर खाडा. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट जाईल.

आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत टोळी उतरली की मी आशाताईंना घेऊन संध्याकाळी सातनंतर जाते. दिवसा तिथे म्हाताऱ्या आणि पोरांशिवाय कुणी नसतं. गरोदर बाईची नोंद इथे करता येते, कार्ड गावाकडे राहिलं तरी. बाळाचे डोस इथे देता येतात. अंगणवाडीतून पोषण आहारही मिळाला पाहिजे, आणि तो "आमच्या यादीत नाही" म्हणून नाकारता येत नाही. गेल्या साली एक बाई नऊ महिने भरलेली, मोळ्या बांधत होती. तिच्या नवऱ्याला १०८ ला फोन करायचा हेच माहीत नव्हतं, आणि पत्ता काय सांगायचा हाही प्रश्नच. कोपीला पत्ता नसतो. आता आम्ही प्रत्येक तळावर जवळच्या शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर लिहून ठेवतो. एवढ्यानंही फरक पडतो.

सजग_सोलापूरकर
सहानुभूती ठीक आहे. पण कोण कुठून येतंय याचा हिशेब नको का? एमआयडीसीत, बांधकामांवर, हॉटेलांत बाहेरची माणसं भरली आहेत. कुणाचे कागद खरे, कुणाचे खोटे माहीत नाही. चोऱ्या होतात, पोरं पळवल्याच्या बातम्या मोबाइलवर येतात. स्थानिक माणसानं सावध राहायचंच नाही का? आणि बांगलादेशी घुसखोरांनाही हेच हक्क द्यायचे का?

मंगळवेढेकर
सजगसाहेब, पोरं पळवल्याच्या बातम्या म्हणालात म्हणून लिहितो. नाहीतर या विषयावर लिहायला हात धजत नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला तिथे गेली होती. त्यातली बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, आमच्या मंगळवेढा तालुक्यातली. पिढ्यान् पिढ्या हा समाज असाच फिरत आलेला. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेल्या होत्या. जमावानं त्यांना गाठलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. ते बोलत होते ते मराठीच होतं. कागदही असतील खिशात. कुणी बघितले?

मृतदेह गावी आले तेव्हा नातेवाईक ते ताब्यात घ्यायला तयार नव्हते, आधी न्यायाचं सांगा म्हणत होते. आजूबाजूच्या गावांत चूल पेटली नाही. त्या महिन्यातच, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींबाबत राज्यांना सविस्तर निर्देश दिले, दर जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितला. पण आमच्याकडचे कित्येक गोसावी बांधव त्यानंतर परजिल्ह्यात जायलाच घाबरायला लागले. पोट भरायचं कसं?

तेव्हा बाहेरचा माणूस म्हणजे नेहमी दुसराच कुणीतरी असतो असं समजू नका. धुळ्यात आपला माणूस बाहेरचा होता. तिथल्या एखाद्यानं तरी "आधी पोलिसांना बोलवा" म्हणून आडवं पडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. इथे आलेल्या माणसासाठी आपण आडवं पडतो का, ते बघा.

पूर्वभागवाला
मंगळवेढेकर, वाचून गलबलून आलं हो.

सजगभाऊ, मी सोलापूर शहराच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आमचे पणजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला आले. सोलापुरी चादर म्हणून जिचं नाव जगभर झालं, ती विणणारे हात बहुतेक आमच्याकडचेच. घरातल्या बायका विड्या वळायच्या, अजून वळतात. सुपात पानं, शेजारी तंबाखू, आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. कारखान्यात विड्या द्यायला गेल्यावर छाट काढायचे, म्हणजे चांगल्या विड्याही खराब म्हणून बाजूला टाकायचे, त्याचे पैसे नाहीत. हे आजीकडून ऐकलंय.

मग आम्ही "सोलापूरकर" कसे झालो? आपोआप नाही झालो. युनियन होत्या, मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले. विडी कामगारांना ओळखपत्रं मिळाली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं लढा दिला तेव्हा कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार बायकांच्या नावावर घरं झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग चाव्या द्यायला आले होते. त्यानंतर रे नगरची घरं, जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार दिली. नावावर घर आलं की रेशन कार्ड येतं, मतदार यादीत नाव येतं, शाळेत पोरगं टिकतं. मग कुणी तुला कुठला म्हणून विचारायचं बंद होतं. आमच्या मागनं यायलेत त्यांनाही हेच लागतंय की.

रेल्वेलाइन्सचा_वकील
सजग यांच्या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरीही तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, चकमा अशा लाखो लोकांना देशानं आसरा दिला. अरुणाचल प्रदेशातल्या चकमांना हुसकावून लावायची भाषा सुरू झाली, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, नागरिक असो वा नसो, आणि जमावाच्या धमकीपासून त्यांचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. म्हणजे विनापरवाना आलेल्या परदेशी माणसावर कायद्यानं कारवाई होऊ शकते, परत पाठवताही येतं. पण त्याला मारता येत नाही, उपाशी कोंडता येत नाही, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं न करता डांबता येत नाही.

आणि घाई केली की काय होतं तेही बघा. २०२५ च्या उन्हाळ्यात मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं पुढे आल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ते मजुरी करायला आले होते, बंगाली बोलत होते, एवढंच. कागद तपासायचं काम पोलिसांचं आहे, कॉलनीतल्या पोरांचं नाही. तुमच्या मनात शंका आली तर ठाण्यात कळवा, तिथे थांबा.

सजग_सोलापूरकर
राईनपाड्यातले लोक आपल्या जिल्ह्यातले होते हे मला माहीत नव्हतं. घुसखोरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, कागद तपासलेच पाहिजेत. पण मोबाइलवर आलेल्या त्या बातम्या मी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुढे पाठवत होतो, ते आजपासून बंद.

रेशन_दुकान_अक्कलकोट
थोडक्यात: बीडचं कार्ड असो की बिहारचं, धान्य कुठल्याही दुकानात मिळतं. एक देश एक रेशन कार्ड. अंगठा लागला की झालं. निम्मं कुटुंब गावी असेल तर त्यांच्या वाट्याचं तिकडे उचलता येतं, इकडचं इकडे. आधार जोडलेलं हवं. दुकानदार नाही म्हणाला तर १४४४५ वर तक्रार करा. मी स्वतः दुकानदार आहे, कोटा कमी पडतो ही अडचण खरी आहे, पण ती तहसीलला कळवायची असते, माणसाला परत पाठवायचं नसतं.

भीमाकाठची
सगळ्यांचे आभार. वाचून काही गोष्टी पक्क्या केल्या.

शाळेपुरतं सांगते. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांचा एक ग्रुप करतेय. टोळी हलली की मुलाचं नाव, इयत्ता आणि कुठल्या गावाच्या दिशेनं गेली ते त्यावर टाकायचं, पुढच्या शाळेनं तळावर जाऊन मूल शोधायचं. कोप्यांच्या तळावर पाण्याचा टँकर आणि फिरती शौचालयं द्यावीत म्हणून ग्रामसभेत विषय मांडणार आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्यात गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून पैसे जमा व्हायचे आहेत. ते तळापर्यंत यावेत यासाठी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनाही भेटणार.

वकीलदादा, बीडहून इथे आलेल्यांना स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा लागू होत होता का?

रेल्वेलाइन्सचा_वकील
नाही. तो आंतरराज्य मजुरांसाठी होता आणि आता तो २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. पाटोद्याहून मोहोळला आलेला माणूस त्या कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नव्हता, आणि ऊसतोड कामगारांच्या वाट्याला आलेली ही फार मोठी गफलत आहे. म्हणून त्यांच्यासाठी वेठबिगारी कायदा, किमान वेतन आणि कलम २१-२३ हीच हत्यारं. डांबल्याची तक्रार थेट तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र मिळालं आणि खटल्यात दोष सिद्ध झाला तर पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख आणि अतिशय गंभीर शोषणात तीन लाखांपर्यंत मदत आहे. तातडीची मदत निकालाची वाट न पाहता मिळते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. बायकांना फडावर छेडछाडीचा त्रास असेल तर जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, असंघटित कामगार महिलांसाठीही ती आहे.

ट्रॅक्टरवाला_करमाळा
सगळं वाचलं. लक्ष ठेवणं लगेच बंद करतो असं लिहून देत नाही, माझ्यावर कर्ज आहे. पण माणूस मागे ठेवून घेणं यापुढे करणार नाही. पाटोद्याचे भाऊ जे हिशेबाच्या वहीचं बोलले ते मला पटलं, आम्हालाही मुकादम तसंच फिरवतो. या साली मुकादमाला एकगठ्ठा न देता दर कोयत्याशी वेगळा लेखी करार करायचा विचार आहे. स्लिपांची एक प्रत त्यांच्याकडेच राहील. वकीलसाहेब, मसुदा करून द्याल का?

रेल्वेलाइन्सचा_वकील
देतो. मोफत. त्यात एक गोष्ट मात्र घालावी लागेल. आपण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात देतो. बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, त्यामुळे अपघात झाला, पळवून लावलं, पैसे बुडाले तर तिनं काम केलं याचाच पुरावा उरत नाही. करारात दोघांची नावं वेगळी, दर वेगळा, आणि बाईचे पैसे तिच्या खात्यात. हे मान्य असेल तर रविवारी कागद घेऊन या.

ट्रॅक्टरवाला_करमाळा
मान्य. बऱ्याच जणींचं खातंच नसतं पण.

एएनएम_दक्षिण_सोलापूर
बँकेतल्या माणसाला तळावर घेऊन येण्याचं माझ्याकडे लागलं. संध्याकाळी सातनंतरच यायला सांगते.